‘योग्य’ गोळीचा शोध : मॅग्नम रिव्हॉल्व्हर आणि हाताने भरलेली काडतुसे

मराठीतील ‘गोळी’ हा शब्द अनेक अर्थ एकत्र सांभाळतो. वैद्य देतो तीही गोळी, मुलांच्या खिशातली गोड वस्तूही गोळी, बंदुकीतून सुटते ती गोळी आणि दुकानात पेटीने मिळते तीही गोळीच. शेवटच्या दोन वस्तूंत मात्र मोठे अंतर आहे. पेटीने मिळते ते काडतूस. पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडाशी बसवलेला शिशाचा तुकडा अशी त्याची चार अंगे असतात. लक्ष्यापर्यंत पोचतो तो केवळ हा शेवटचा तुकडा. प्रस्तुत लेखात ‘गोळी’ म्हणजे एवढाच तुकडा, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

अमेरिकेत नेमबाज आणि शिकारी यांचा एक मोठा वर्ग वापरलेल्या पुंगळ्या टाकून देत नाही. टोपी बदलून, दारू मोजून आणि स्वतः निवडलेली, बहुधा स्वतः ओतलेली गोळी बसवून तो काडतुसे पुन्हा भरतो. या उद्योगाला दीड शतकाचा इतिहास आहे आणि त्याचे स्वतःचे वाङ्मयही आहे. हस्तपुस्तिका, मासिकांतील पत्रव्यवहार, आत्मचरित्रे, वादविवाद असे सारे त्यात येते. आम्ही मराठीचे अध्यापक. शस्त्रांशी आमचा संबंध छापील पानापुरता. तरीही या वाङ्मयाने आम्हांस गुंतवून ठेवले. त्यात एका साध्या विशेषणाची, ‘योग्य’ या शब्दाची, शंभर वर्षे चाललेली मीमांसा आहे. मॅग्नम रिव्हॉल्व्हरसारख्या जबर दाबाच्या शस्त्राला योग्य गोळी कोणती, या प्रश्नाची उत्तरे पिढीगणिक बदलली. दर वेळी असे दिसून आले की योग्यता हा गोळीच्या अंगचा गुण नाही. गोळी आणि नळी, गोळी आणि दाब, गोळी आणि जनावर यांच्यातला तो संबंध आहे. हा संबंध ओळखण्यात चूक झाली तर तिची किंमत हातापायांनी मोजावी लागते. साहित्यसमीक्षेत अर्थनिर्णय चुकला तर कोणाचे बोट तुटत नाही. येथे तुटू शकते. या वाङ्मयाच्या गद्याला जो नेमकेपणा आला आहे, तो या धाकातून आला असावा.

प्रश्न उद्भवला तो दारू बदलल्यामुळे. काळ्या दारूच्या काळात रिव्हॉल्व्हरमधला दाब बेताचा असे, आणि मऊ शिशाची गोळी त्याला पुरून उरे. १८७३ चे .४५ कोल्ट हे काडतूस त्या युगाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धूरहीन दारू आली. तिने थोड्या जागेत कितीतरी अधिक दाब निर्माण करणे शक्य केले. आता गोळीवर मागून येणारा रेटा वाढला, ती नळीतील आट्यांवरून अधिक वेगाने घासली जाऊ लागली, आणि मऊ शिसे नळीला चिकटून राहू लागले. याला ‘शिसे चढणे’ असे म्हणू. शिसे चढलेल्या नळीत नेम राहत नाही आणि ती खरवडून साफ करणे हे कंटाळवाणे काम होते.

यावर दोन मूलभूत विचार विसाव्या शतकाच्या आरंभीच मांडले गेले. साचे आणि भरणीची हत्यारे बनवणाऱ्या आयडियल कंपनीच्या जॉन बार्लो यांनी गोळीच्या बुडाला तांब्याची लहानशी वाटी बसवण्याची युक्ती रूढ केली. पेटत्या वायूचा झोत शिशाला थेट भिडू नये, हा तिचा हेतू. म्हणून तिला ‘गॅस चेक’ म्हणतात. दुसरा विचार फ्रँकलिन मान यांचा. पेशाने डॉक्टर असलेल्या या गृहस्थांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून १९०९ मध्ये ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. गोळीचे नाक थोडे बिघडले तरी नेम फारसा ढळत नाही, पण तिचे बूड बिघडले तर मोठा ढळतो, असे त्यांनी दाखवून दिले. पाहणाऱ्याचे लक्ष नेहमी नाकाकडे जाते. भवितव्य ठरते ते बुडाशी. हे दोन्ही विचार रायफलीच्या संदर्भातले होते. रिव्हॉल्व्हरचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होता.

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे नळीत नसतात. ती तिच्यामागे फिरणाऱ्या सिलिंडरच्या पाच-सहा घरांत असतात. घोडा पडला की गोळी पुंगळीतून सुटते, घराच्या अरुंद मुखातून जाते, सिलिंडर आणि नळी यांमधली बारीकशी फट उडी मारून ओलांडते, नळीच्या आरंभीच्या उतरत्या शंकूत शिरते आणि मगच आट्यांना लागते. एवढ्या उंबरठ्यांवरून तिला क्षणार्धात, सरळ आणि न वाकता जायचे असते. दुसरी अडचण झटक्याची. एक काडतूस उडाले की शस्त्र जोराने मागे येते. उरलेल्या घरांतील जड गोळ्या मात्र जडत्वामुळे जागीच राहू पाहतात आणि आपापल्या पुंगळीतून पुढे सरकतात. एखादी पुरेशी पुढे आली की ती सिलिंडरबाहेर डोकावते आणि सिलिंडर फिरेनासा होतो. म्हणून पुंगळीची कड गोळीवर दुमडून तिला घट्ट धरावे लागते, आणि त्या कडेसाठी गोळीच्या अंगावर नेमक्या जागी खाच असावी लागते. ही खाच म्हणजे योग्यतेची पहिली कसोटी.

या सर्व अडचणींना एकत्र भिडणारा माणूस प्रयोगशाळेतला नव्हता. एल्मर कीथ (१८९९–१९८४) हा मिसुरीत जन्मलेला आणि पुढे ऑरेगन, आयडाहो या डोंगराळ प्रदेशांत गुरे-घोडे सांभाळून, शिकाऱ्यांचा वाटाड्या होऊन राहिलेला मनुष्य. बाराव्या वर्षी एका आगीत तो भयंकर भाजला होता. शालेय शिक्षण बेताचे. पण लिहिण्याची हौस दांडगी. १९२५ मध्ये त्याच्या हातातले .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हर फुटले. सिलिंडरचा वरचा भाग उडून गेला. त्या काडतुसात त्याने रायफलीसाठी केलेली, ३०० ग्रेन वजनाची गोळी भरली होती. ग्रेन हे परिमाण आपल्या अर्ध्या गुंजेहून किंचित अधिक. तेव्हा ही गोळी वजनाला पावणेदोन तोळ्यांच्या जवळपास जाते. रायफलीत शोभणारी गोळी रिव्हॉल्व्हरच्या पातळ भिंतीच्या घरात विस्फोटाला कारण झाली. वस्तू तीच, संबंध बदलला आणि योग्यता संपली.

कीथने यातून दोन निष्कर्ष काढले. एक, त्याच मापाच्या सिलिंडरमध्ये .४४ ची भोके .४५ हून लहान असल्यामुळे भिंती जाड राहतात; तेव्हा १९०७ पासून उपलब्ध असलेले .४४ स्पेशल हे काडतूस अधिक दाब सोसेल. दोन, गोळीचा आकारच नव्याने घडवावा लागेल. या दुसऱ्या कामात त्याला पेनसिल्व्हेनियातील हॅरोल्ड क्रॉफ्ट या हौशी नेमबाजाची साथ मिळाली. दोघांचा प्रदीर्घ पत्रव्यवहार झाला; १९२८ मध्ये क्रॉफ्ट देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, ऑरेगनमधील ड्यूर्की येथे त्याच्या भेटीस आला. या काळात तयार झालेल्या गोळीच्या साच्याचा क्रमांक ४२९४२१. त्यातील पहिले तीन आकडे गोळीचा व्यास सांगतात : ०.४२९ इंच.

ही गोळी वाचण्यासारखी आहे, कारण तिच्या प्रत्येक रेषेला कारण आहे. नाक टोकदार नाही, सपाट आहे. गोल नाक जनावराचे मांस बाजूला सारून निघून जाते, सपाट नाक ते कापते. नाकामागे पूर्ण व्यासाचा रुंद पट्टा आहे. तो घराच्या मुखाशी बसून गोळीला सरळ ठेवतो, आणि फट ओलांडण्यापूर्वीच तिची दिशा पक्की होते. त्यामागे कड दुमडण्यासाठी खोल, तिरकी खाच. मग दुसरा पट्टा; मग वंगण साठवणारी रुंद, चौकोनी खाच; मग बुडाचा पट्टा, धारदार कडांचा, कारण मान यांनी सांगितल्याप्रमाणे बूड शाबूत राहिले पाहिजे. वजन २५० ग्रेनच्या आसपास. धातू म्हणजे सोळा भाग शिसे आणि एक भाग कथील. एवढे कथील घातले की शिसे साच्यात नीट भरते आणि थोडे कठीणही होते, पण ठिसूळ होत नाही. पुढे भारी भरणीसाठी कीथने याच प्रमाणाचा आग्रह धरला. गॅस चेकची त्याला गरज वाटत नसे. आकार बरोबर, माप बरोबर आणि वंगण पुरेसे असेल तर तांब्याची वाटी हवी कशाला, असा त्याचा सवाल होता.

कारखाने या प्रयोगांकडे पाहत होतेच. १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसन आणि विंचेस्टर यांनी .३५७ मॅग्नम बाजारात आणले. त्यामागे कंपनीचे डग्लस वेसन आणि लेखक-प्रयोगकर्ते फिलिप शार्प यांची मेहनत होती. जुन्या .३८ स्पेशलची पुंगळी सुमारे अष्टमांश इंचाने लांबवून हे काडतूस केले गेले. ही लांबी दारूसाठी जागा हवी म्हणून वाढवली नव्हती. मुख्य हेतू असा की हे जहाल काडतूस जुन्या, दुबळ्या रिव्हॉल्व्हरच्या घरात शिरूच नये. लांबीनेच पाटी लावली : येथे प्रवेश नाही. आजच्या अमेरिकी मानकांप्रमाणे .३८ स्पेशलची कमाल मर्यादा दर चौरस इंचाला १७,००० पौंड आहे, .३५७ मॅग्नमची ३५,०००. दुपटीहून मोठी ही उडी त्या अष्टमांश इंचामागे दडलेली आहे.

येथे एक मासलेवाईक घटना घडली. .३८ साठी कीथने केलेली गोळी (साचा ३५८४२९, वजन सुमारे १७३ ग्रेन) त्या वर्गातली नावाजलेली. परंतु ती .३५७ च्या लांब पुंगळीत बसवून खाचेवर कड दुमडली, तर काडतूस स्मिथ अँड वेसनच्या त्या सिलिंडरबाहेर डोकावू लागले. गोळीचे लांब नाक आणि नवी लांब पुंगळी यांची बेरीज जास्त झाली. भरणाऱ्यांनी तडजोडी शोधल्या : कोणी खाच सोडून पुढच्या पट्ट्यावर कड दुमडे, कोणी जुन्या .३८ च्याच आखूड पुंगळीत भारी भरणी करून ती केवळ मॅग्नममध्ये वापरी. दुसरा मार्ग उघडच जोखमीचा. असे काडतूस चुकून जुन्या रिव्हॉल्व्हरच्या हाती लागले की अष्टमांश इंचाची पाटी पुसली गेली! पुढे रे थॉम्पसन यांनी या मापासाठी गॅस चेकची गोळी घडवली आणि तिच्यावर एकाऐवजी दोन खाचा ठेवल्या. पुंगळी आखूड असो वा लांब, तिला साजेशी खाच हजर. कीथची गोळी स्वतःच्या पूर्णतेवर ठाम होती, थॉम्पसनची परिस्थिती पाहून वागणारी. दोघांचेही चाहते आहेत.

कारखान्याच्या .३५७ मधील १५८ ग्रेनची शिशाची गोळी मात्र वेगाच्या मानाने मऊ होती आणि नळीत शिसे चढल्याच्या तक्रारी होऊ लागल्या. यानंतर वीस वर्षांनी, १९५५ च्या अखेरीस आणि १९५६ मध्ये, स्मिथ अँड वेसन आणि रेमिंग्टन यांनी .४४ मॅग्नम आणले. कीथने कित्येक वर्षे मागितले होते ते २५० ग्रेनची गोळी आणि सेकंदाला सुमारे १२०० फूट वेग. कारखान्याने दिली २४० ग्रेनची गोळी आणि जाहीर केला १५०० फुटांच्या पलीकडचा वेग. मागितल्याहून अधिक मिळाले, पण गोळी होती मऊ शिशाची, बुडाला गॅस चेक लावलेली. शिसे चढणे थांबले नाही. वाटीने बूड राखले. अंग कोण राखणार?

येथून ‘कठीण ते योग्य’ हा समज बळावला आणि आम्हां साहित्याच्या लोकांना जवळचा वाटावा असा एक धातू या गोष्टीत आला. छापखान्यातले खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे असतात. युरोपात तसे, अमेरिकेत तसे, आणि जावजी दादाजींच्या निर्णयसागरापासून आपल्याकडेही तसेच. ऑटमार मर्गेनथालर यांचे लायनोटाइप यंत्र १८८६ मध्ये न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये सुरू झाले. ते अख्खी ओळच्या ओळ शिशात ओतू लागले. त्याच्या धातूत सुमारे ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील. तो कमी उष्णतेला वितळतो, साच्याचा कानाकोपरा भरतो आणि थंड झाला की कडक होतो. अक्षराला हवे तेच गुण गोळीला हवेसे वाटले. अमेरिकेत वर्तमानपत्रांच्या छापखान्यांतून मिळणारा हा धातू गोळ्या ओतणाऱ्यांच्या मुशींत जाऊ लागला. १९७० च्या दशकात फोटोटाइपसेटिंग आले. न्यूयॉर्क टाइम्सचा शिशाच्या ओळींतून छापलेला शेवटचा अंक १९७८ च्या जुलैमधला. छापखान्यांनी मोडीत काढलेला धातू काही काळ मुबलक मिळाला, मग दुर्मीळ झाला. कालच्या बातमीच्या ओळी वितळून गोळ्या झाल्या, हे वाक्य रूपक म्हणून भडक वाटेल; येथे ते निव्वळ वर्णन आहे.

पण लायनोटाइपनेच ‘कठीण ते योग्य’ या समजाचा फोलपणाही उघड केला. ब्रिनेल मापनावर शुद्ध शिशाचा कठीणपणा सुमारे ५, कीथच्या सोळास एक मिश्रणाचा सुमारे ११, लायनोटाइपचा सुमारे २२. आता गोळीला मागून रेटा बसला की तिचे बूड किंचित फुगते आणि नळीच्या आट्यांत गच्च बसून वायूची वाट अडवते. धातू जितका कठीण, तितका हे घडण्यास अधिक दाब लागतो. ओतकाम करणाऱ्यांत एक अदमास रूढ आहे : ब्रिनेल अंकाला १४२२ ने गुणावे म्हणजे फुगण्यास लागणारा दाब पौंडांत मिळतो. त्या हिशेबाने शुद्ध शिशाला ७,००० च्या आसपास पुरतात, सोळास एकला साडेपंधरा हजार, लायनोटाइपला ३१,००० हून अधिक. म्हणजे लायनोटाइपची गोळी बेताच्या भरणीत घातली आणि ती घराच्या मुखाहून जराशी बारीक असली, तर ती फुगणार नाही. तिच्या कडेने तप्त वायू सुटेल, अंगाचे शिसे वितळवून पुढे नेईल आणि नळीत चढवील. मऊ गोळीचा दोष टाळण्यासाठी कठीण केली, आणि दोष तोच उरला! शिवाय अँटिमनीने येणारा कडकपणा ठिसूळ असतो. हाडावर आपटून अशी गोळी फुटू शकते. हळूहळू जाणत्यांचे मत असे झाले की गोळी आधी मापाने जुळली पाहिजे. सिलिंडरच्या घराच्या मुखात ती अलगद पण सैल न पडता बसली पाहिजे. कठीणपणाचा विचार त्यानंतर, आणि तोही त्या विशिष्ट भरणीच्या दाबाशी ताडून.

तांब्याचे कवच हा या पेचातून सुटण्याचा दुसरा मार्ग. आरंभीच्या काही गोळ्यांना अर्धेच कवच असे. वरचे उघडे शिसे नळीला घासतच राही. पुढे कवच उंच झाले आणि नाकाला पोकळी देऊन गोळी लक्ष्यात शिरताच पसरावी अशी योजना झाली. १९६० च्या दशकात इंडियानातील ली जुरास यांच्या सुपर व्हेल कंपनीने हलकी, कवचाची, पोकळ नाकाची, अतिवेगवान काडतुसे लोकप्रिय केली आणि हाताने भरणाऱ्यांनीही ती वाट धरली. .३५७ मध्ये १२५ ग्रेनची हलकी गोळी आणि भरगच्च दारू हे मिश्रण पोलिसांत गाजले. त्याची किंमत मध्यम बांध्याच्या रिव्हॉल्व्हरांनी मोजली. गोळी आखूड, ती शंकूत लवकर शिरते आणि तिच्यामागचा तप्त वायू व जळते कण त्या शंकूवर आदळतात. काही शस्त्रांत, जेथे नळीची खालची बाजू जागेअभावी तासलेली होती, तेथे भेगा पडल्या. स्मिथ अँड वेसनने १९८० च्या सुमारास किंचित मोठा बांधा काढला, त्यामागे हेही एक कारण होते. जड गोळीने सिलिंडर अडतो, हलकीने शंकू चिरतो.

पोलिसांचा उल्लेख आला तेथे ‘योग्य’ या शब्दाची काळी बाजूही दिसते. शिकारीच्या वाङ्मयात योग्य गोळी म्हणजे जनावराला तडफडत न ठेवता चटकन मारणारी. त्यात एक कठोर दयाही आहे. पण पसरणारी गोळी कोणावर चालवावी, हा वाद मॅग्नमहून जुना आहे आणि त्याचे नाव हिंदुस्थानी आहे. कलकत्त्याजवळच्या डमडम येथील कारखान्यात १८९० च्या दशकात नाक उघडे ठेवलेली रायफलीची गोळी तयार झाली. १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळ्यांवर बंदी घालणारी घोषणा केली, तेव्हा ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांनी तिला विरोध केला. सुसंस्कृत सैनिक जखमी होताच थांबतो, ‘रानटी’ थांबत नाही, अशा आशयाचा त्यांचा युक्तिवाद होता. वसाहतीतला माणूस या वाक्यात शिकारीच्या जनावराच्या रांगेत जाऊन बसतो. ‘योग्य’ या विशेषणाला ‘कोणावर’ हा प्रश्न विचारल्याविना ते वाचू नये, हा धडा आम्हांस येथे मिळाला. मॅग्नमचे हस्तपुस्तिकाकार हा प्रश्न क्वचितच विचारतात. त्यांच्या तक्त्यांत लक्ष्याचा रकाना नसतो.

दाबाची मजल मात्र वाढतच गेली. १९५० च्या दशकात डिक कॅसल आणि जॅक फुलमर यांनी विकसित केलेले .४५४ कॅसल १९८३ मध्ये फ्रीडम आर्म्सच्या रिव्हॉल्व्हरमधून बाजारात आले. त्याची आजची मर्यादा ६५,००० पौंड; .४४ मॅग्नमची ३६,०००. साध्या .४५ कोल्टसाठी केलेल्या गोळ्या या दाबाखाली आणि वेगात टिकेनात. जाड कवचाच्या, घट्ट धरून ठेवता येतील अशा गोळ्या वेगळ्या कराव्या लागल्या. व्यास तोच असूनही.

येथे ज्ञानाचा प्रश्न उभा राहतो. दाब डोळ्यांना दिसत नाही. मग घरात बसून भरणाऱ्याने तो जाणावा कसा? आपल्या न्यायशास्त्राची परिभाषा येथे चपखल बसते. कीथचा भर प्रत्यक्ष प्रमाणावर. त्याच्या उत्तरायुष्यातील आत्मचरित्राचे नावच ‘हेल, आय वॉज देअर!’ (१९७९), अविश्वास दाखवणाऱ्यांना दिलेले उत्तर म्हणजे ‘मी तिथे होतो’ एवढेच. सामान्य भरणारा अनुमानावर चाले : उडालेल्या टोपीचा चपटेपणा, पुंगळी घरातून निघताना होणारा त्रास ही त्याची दाबाची चिन्हे. जेथे धूर तेथे अग्नी, तसे जेथे चपटी टोपी तेथे अधिक दाब. परंतु हा हेतू व्यभिचारी आहे. टोप्यांचे धातू कमीअधिक मऊ असतात. आणि दुबळ्या रिव्हॉल्व्हरमध्ये चिन्ह उमटण्यापूर्वीच मर्यादा ओलांडली गेलेली असू शकते. हेत्वाभास येथे ग्रंथातला दोष राहत नाही, तो हातात फुटतो. म्हणून तिसरे प्रमाण, शब्द, यालाच अखेर मान मिळाला : ज्यांच्याकडे दाब मोजण्याची साधने आहेत अशा संस्थांचे छापील तक्ते. तेही बदलतात. पूर्वी तांब्याची लहान कांडी चेपून दाब मोजीत. पुढे विजेवर चालणारे संवेदक आले आणि आकडे बदलले. .४४ मॅग्नमची जुनी मर्यादा त्या चेपणीच्या एककात ४०,००० होती, नवी ३६,००० पौंड. दोन्ही एकाच वास्तवाची वर्णने. एकक न पाहता त्यांची तुलना करणारा फसतो. आणि तक्त्यातली गोळी बदलून त्याच वजनाची दुसरी घातली तरी तक्ता लागू राहत नाही, कारण ती पुंगळीत किती खोल बसते, तिचे किती अंग नळीला घासते, यावर दाब ठरतो. समान वजन म्हणजे समान गोळी नव्हे, जसे समान मात्रा म्हणजे समान वृत्त नव्हे.

गेल्या काही दशकांत योग्यतेच्या वर्तुळात एक नवा घटक आला, आणि तो बंदुकीच्या बाहेरचा आहे. कॅलिफोर्निया कॉन्डॉर हा मृतभक्षक पक्षी १९८७ पर्यंत अवघा २७ वर आला. शिकाऱ्यांनी मागे टाकलेल्या अवशेषांतून पोटात जाणारे शिशाचे कण हे त्याच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण ठरले. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या काडतुसांना पूर्ण बंदी केली. शुद्ध तांब्याच्या गोळ्या त्याआधीच आल्या होत्या. पण तांबे शिशाहून हलके; तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी पुंगळीत खोल बसते, दारूची जागा खाते आणि दाब चढवते. एका पक्ष्यासाठी केलेला कायदा पुंगळीच्या आतल्या रिकाम्या जागेपर्यंत असा पोचतो. गोळी आणि नळी, गोळी आणि दाब, गोळी आणि जनावर या संबंधांत आता गोळी आणि गिधाडही आले.

या विषयाकडे मराठी वाचकाने का वळावे, असे कोणी विचारील. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपल्यातच जमा आहे, आणि ती संपली याचे आम्हांस दुःख नाही. पण हाताने काम करणाऱ्यांनी आपले ज्ञान स्वतः लिहून ठेवणे ही गोष्ट आपल्या परंपरेत विरळ. त्रिंबक नारायण आत्रे यांनी ‘गावगाडा’त (१९१५) कारूनारूंची नोंद केली, ती बाहेरून. लोहाराने पाणी देण्याविषयी, कासाराने ओतकामाविषयी लिहिलेले गद्य आपल्यापाशी किती आहे? गुराख्याचे काम करणारा कीथ साच्याच्या खाचेविषयी मासिकात लिहितो, दुसऱ्या टोकाचा वाचक त्याला पत्राने उत्तर देतो, तिसरा दोघांचे खोडून नवी खाच पाडतो. ज्ञान असे वादातून घडत जाते. त्यात बढाई आहे, हेकटपणा आहे, माणसावर रोखलेल्या नळीविषयीचे मौन आहे. तरी विशेषण वापरले की ते कसोटीला लावायचे, ही शिस्तही आहे. आपल्या समीक्षेत ‘उत्कृष्ट’, ‘अस्सल’, ‘सकस’ हे शब्द आपण कोणत्या दाबावर तपासतो, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यास हरकत नसावी.